डिफॉल्ट मारून बघा

संगणक सुरू झाला नाही की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, व्हायरस शिरला. दुसऱ्याचं म्हणणं, पोरानं परवा तो गेम टाकला तेव्हापासूनच याची लक्षणं काही ठीक नव्हती. वास्तविक व्हायरसला काय आणि गेमला काय, धुमाकूळ घालायला आधी विंडोज उघडावी लागते. इथे पडद्यावर नुसता काळोख असतो आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: बूट करण्याजोगं काही सापडत नाही, योग्य डिस्क घाला आणि कुठलीही कळ दाबा. कुठलीही कळ दाबली की तीच ओळ पुन्हा उमटते. मग घरातला प्रत्येक जण एकेकदा येऊन आपापल्या आवडीची कळ दाबून जातो.

यानंतर हार्डवेअरवाल्याला फोन जातो. तो येतो, बॅग खाली ठेवतो आणि मशीनला हात लावायच्या आधी विचारतो, "कुणी सेटिंगमध्ये गेलं होतं का?" आवाज असा, की कधीच न गेलेल्या माणसालाही आपण झोपेत गेलो होतो की काय अशी शंका यावी.

हे 'सेटिंग' म्हणजे बायोस. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कारखान्यातच भरून दिलेला हा प्रोग्रॅम. वीज आली की सगळ्यांच्या आधी हा जागा होतो. मेमरी आहे का आणि किती आहे, डिस्प्ले कार्ड बोलतंय का, की-बोर्ड जोडलाय का, डिस्क कुठं लपलीये, हे सगळं तपासायचं, एकेकाला कामाला लावायचं, ज्या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स आहे ती शोधून तिच्या हाती कारभार द्यायचा आणि बाजूला व्हायचं. सगळं आलबेल असेल तर हे काही सेकंदांत उरकतं आणि आपल्याला कंपनीच्या बोधचिन्हापलीकडे काही दिसत नाही. गॅरी किल्डॉल यांनी सत्तरच्या दशकात आपल्या सीपी-एम या प्रणालीत हे नाव वापरलं आणि १९८१ च्या आयबीएम पीसीनं ते जगभर नेलं. आता गेली बरीच वर्षं त्याच्या जागी यूईएफआय नावाचा नवा कारभारी आलाय. पण लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव कधीचंच डॉ. भडकमकर मार्ग झालेलं असलं तरी टॅक्सीवाल्याला आपण जे सांगायचं तेच सांगतो. त्याच रस्त्यावरच्या दुकानांत यूईएफआयलाही सगळे बायोसच म्हणतात.

यात काही बदलायचं म्हणजे पहिला प्रश्न आत शिरण्याचा. मशीन चालू केल्यावर सेकंद-दोन सेकंद दार किलकिलं होतं, तेवढ्यात नेमकी कळ दाबली पाहिजे. कळ कुठली, यावर कंपन्यांचं एकमत नाही. घरी जुळवलेल्या मशीनला बहुधा डिलीट. काहींना एफ-टू, काहींना एफ-टेन, काहींना एस्केप, काहींना एफ-वन, आणि काही लॅपटॉपना तर कडेला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसावी लागते. कुठली कळ ते पडद्यावर लिहिलेलं येतं, पण ते वाचून होईपर्यंत पडदा बदलतो. म्हणून जाणकार माणूस वाचत बसत नाही. तो डिलीट आणि एफ-टू दोन्हींवर दोन बोटं ठेवून ताशा वाजवायला बसतो.

आजकालची मशीनं इतक्या वेगानं सुरू होतात की कळ दाबायला वेळच मिळत नाही, हे कंपन्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी सोय केली: विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट करायचं, मग येणाऱ्या पर्यायांमधून फर्मवेअर सेटिंग निवडायचं, की थेट आत. सोय उत्तम आहे. फक्त तिच्यासाठी विंडोज चालू असावी लागते, आणि विंडोज चालू असेल तर या जागी कोण मरायला जातंय?

ही सगळी गंमत पाहायची असेल तर ती परदेशातल्या मुलाच्या फोनवर पाहावी. आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा अमेरिकेत एडिसनला असतो. एरवी काकांच्या लॅपटॉपमधलं काहीही तो तिकडून एनीडेस्कवरून दुरुस्त करतो. प्रिंटर, पेन्शनचा फॉर्म, युनिकोडची भानगड, सगळं. पण बायोसच्या पानावर एनीडेस्क चालत नाही, कारण तिथे इंटरनेटही जागं झालेलं नसतं आणि एनीडेस्कही. त्यामुळे एवढा मोठा इंजिनिअर मुलगा तिकडे रात्रीच्या साडेअकराला आणि इकडे सकाळी नऊला निव्वळ तोंडी सूचनांवर येतो.

"बाबा, बंद करा. आता चालू करा आणि लगेच एफ-टू दाबत राहा."

"दाबतोय. अरे, पडद्याचा उजेड कमी झाला."

"एफएनची कळ धरून दाबा."

"आता आवाज गेला."

"माझा?"

"तुझा येतोय. लॅपटॉपचा गेला."

"आई, तू फोन पडद्याकडे धर बघू. तुझ्याकडे नको."

"मग मी तुला दिसणार कशी?"

शेवटी एकदाचं पान उघडतं. आणि उघडल्यावर काका जे पाहतात ते त्यांनी चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी करूनही पाहिलेलं नसतं.

जुनी पानं निळ्यावर पिवळ्या अक्षरांची असायची आणि त्यांच्यात एक सरळपणा होता: इथे माऊस चालत नाही, बाण वापरा, घाबरला असाल तर एस्केप. नवी पानं काळी-लाल असतात, त्यांत पंख्याच्या वेगाचा आलेख असतो, प्रोसेसरचं तापमान असतं, आणि एकंदरीत आपण लढाऊ विमानात चुकून बसलोय असं वाटतं. पण रंग बदलला तरी भाषा तीच. डावीकडे पर्यायाचं नाव, उजवीकडे मदतीचा रकाना. डावीकडे असतं 'एक्सएचसीआय हँड-ऑफ'. हे काय बुवा, म्हणून उजवीकडे बघावं तर लिहिलेलं असतं: 'एक्सएचसीआय हँड-ऑफ सुरू किंवा बंद करतो.' बस्स. हा रकाना लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. काही न सांगता जागा भरण्याचं काम आम्ही लेखकही करतो, पण इतकं निर्लेप राहून नाही.

प्रत्येक पर्यायापुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' असतं, आणि कुठलं चांगलं याचा काही नियम नाही. सगळं एनेबल्ड केलं तर सगळं चालेल असा काकांचा अंदाज होता. तसं केलं तर मशीन चालू होण्याची शक्यता कमी असते. 'फास्ट बूट' एनेबल्ड असेल तर मशीन यूएसबी नीट तपासायला थांबेलच असं नाही, मग तुम्ही लावलेला पेनड्राइव्ह त्याला दिसत नाही. म्हणजे तो दिसावा म्हणून वेग डिसेबल्ड करायचा. 'सीएसएम' हा जुन्या पद्धतीनं चालण्याचा पर्याय; तो एनेबल्ड केला तर जुनं डिस्प्ले कार्ड जागं होतं आणि नव्या पद्धतीनं टाकलेली विंडोज झोपू शकते. 'अबव्ह फोर-जी डीकोडिंग' हा पर्याय काकांना फार आवडला. चार गिगाबाइटच्या वरच्या पत्त्यांवर डिस्प्ले कार्डाला जागा देण्याचा तो मामला आहे, पण काका म्हणाले, "म्हणजे फाइव्ह-जीच ना? करून टाक चालू."

या खात्यातल्या एका वाक्याची जगानं फार टिंगल केली आहे: की-बोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. हे वाक्य लिहिणारा माणूस मूर्ख होता असं सर्रास धरून चालतात. मला ते पटत नाही. की-बोर्डची पिन निघाली आहे, ती बसवा आणि मग दाबा, असा साधा अर्थ त्यात आहे. अडचण एवढीच होती की त्या काळचा गोल पिनेचा की-बोर्ड चालू मशीनला लावायचा नसतो असं माहितीपुस्तिकाच सांगायची. पण यावरचा उपायसुद्धा त्याच बायोसमध्ये होता: चुका सापडल्यावर कधी थांबायचं, या पर्यायात एक निवड होती, 'ऑल, बट की-बोर्ड'. म्हणजे बाकी कुठल्याही चुकीवर थांब, की-बोर्ड नसला तर चालू दे. ज्यांच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरला की-बोर्डच जोडलेला नसे, त्यांचा संसार या तीन शब्दांवर चालायचा.

पूर्वी हे सारं याहून अवघड होतं. पहिल्या आयबीएम पीसीत सेटिंगचं पान नव्हतंच. मदरबोर्डवर चिमुकले स्विच असायचे. किती मेमरी, किती फ्लॉपी ड्राइव्ह, कुठला पडदा, हे पेनाच्या टोकानं स्विच वरखाली करून सांगायचं. त्याला तारीखही आठवत नसे. दर वेळी चालू केलं की १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवून तो खरी तारीख विचारायचा. १९८४ च्या पीसी-एटीत घड्याळाची चिप आली, तिला बॅटरी आली, आणि तिच्यात ६४ बाइटची स्मरणशक्ती आली. त्यातले १४ घड्याळाचे. उरलेल्या ५० बाइटांत सगळ्या मशीनचा तपशील. देवनागरीतलं हे वाक्य त्यात मावणार नाही.

मग डिस्कचे प्रकार. तुमची हार्ड डिस्क कुठल्या नमुन्याची, ते क्रमांकानं सांगावं लागे. ही यादी वाढत वाढत अनेक बायोसमध्ये ४७ पर्यंत गेली, आणि ४७वा प्रकार म्हणजे 'यातलं कुठलंच नाही, तुमचं तुम्ही भरा'. अर्थात सगळ्यांची डिस्क त्याच प्रकारची निघायची. डिस्कवरच्या स्टिकरवरून सिलिंडर, हेड आणि सेक्टर वाचून भरायचे. एक आकडा चुकला की डिस्क गायब. नीट भरले तरी कमाल मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला तर ५२ कोटी ८४ लाखांच्या आसपास बाइट होतात, म्हणजे ५२८ मेगाबाइट. एखाद्यानं हौसेनं याहून मोठी डिस्क आणली तरी बायोस ५२८ वर हात वर करायचा. पैसे पूर्ण डिस्कचे गेले, डिस्क पूर्ण आली, पण दिसते तेवढीच. पुढे 'एलबीए' नावाचा पर्याय आला आणि तो निवडल्यावर उरलेली डिस्क प्रकट व्हायला लागली. ज्याला हा पर्याय माहीत होता त्या माणसाची त्या काळात गल्लीत डॉक्टरांच्या खालोखाल पत होती.

पीसी-एटीत आलेल्या त्या बॅटरीचं आता नाणं झालंय. सीआर-२०३२, वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं हे तिचं काम. आणि इथे महाराष्ट्रातल्या घरांचा एक स्वभाव आडवा येतो. संगणकाची तार प्लगात असेल आणि भिंतीवरचं बटण चालू असेल, तर बंद मशीनलाही थोडी वीज मिळत राहते आणि नाण्याला आराम मिळतो. पण रात्री दहाच्या सुमाराला घरातून एक फेरी निघते. गॅस बंद, नळ बंद, कडी लावली, आणि जाता जाता "हे बटण कुणी चालू ठेवलंय?" खट्. बटण बंद. बिलातले काही पैसे वाचतात आणि रात्रभर घड्याळाचा सगळा भार त्या नाण्यावर येतो. सहा-सात वर्षं सहज चालू शकणारा सेल दोन-तीन वर्षांत मान टाकतो, आणि ज्यांनी बटण बंद केलं तेच विचारतात, "आजकाल वस्तू टिकतच नाहीत, नाही?"

सेल संपल्याची खूण म्हणजे मशीन आपल्या जन्मसालात परत जातं. दर सकाळी १ जानेवारी, आणि साल त्या मदरबोर्डच्या मर्जीचं. यातून जे घडतं ते कुणालाच घड्याळाशी जोडता येत नाही. बँकेची साइट उघडत नाही, कारण तिचं प्रमाणपत्र ब्राउझरच्या हिशेबानं अजून निघायचंय; ब्राउझर म्हणतो हे कनेक्शन सुरक्षित नाही, आणि घरात बातमी पसरते की बँक हॅक झाली. औषधाच्या दुकानात तर मी एक बिल पाहिलंय, ज्यावरच्या तारखेनुसार ते औषध बनण्याच्या कित्येक वर्षं आधीच विकलं गेलं होतं. गिऱ्हाईकानं गोळ्यांची मुदत मात्र नीट तपासून घेतली.

अर्थात काही मंडळी मुद्दाम भूतकाळात जायची. एखाद्या सॉफ्टवेअरची महिनाभराची फुकट मुदत संपली की बायोसमध्ये जाऊन तारीख मागे न्यायची. काही कचेऱ्या अशा कित्येक महिने त्याच महिन्यात राहिल्या. पत्रव्यवहार पेनानं.

डिस्क न दिसण्याचा रोग मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दर दहा वर्षांनी तो नवीन नाव घेऊन येतो. विंडोज एक्सपी आली २००१ मध्ये. पुढे साटा डिस्क आल्या आणि त्यांची एएचसीआय नावाची नवी पद्धत आली. एक्सपीला ती ठाऊक नव्हती. एक्सपी टाकायला बसलात की ती सांगायची, या मशीनमध्ये हार्ड डिस्क नाही. उपाय होता: सुरुवातीलाच एफ-सिक्स दाबायचं आणि ड्रायव्हर द्यायचा. कशातून? फक्त फ्लॉपीतून. ज्या लॅपटॉपमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह कधी नव्हताच, त्याच्यासमोर बसून माणसं फ्लॉपीचा विचार करत. मग कुणीतरी शहाणा म्हणायचा, बायोसमध्ये जाऊन एएचसीआयचं आयडीई करा. केलं, की एक्सपी मुकाट्यानं चढायची. सगळे खूश. आणि मग तोच शहाणा म्हणायचा, आता परत एएचसीआय करा, वेग वाढेल. केलं, की निळा पडदा. शेवटी सेव्हन-बी असलेला त्या पडद्यावरचा क्रमांक त्या काळच्या दुकानदारांना आपल्या स्कूटरच्या क्रमांकाइतका पाठ होता.

विंडोज सेव्हनची निराळी तऱ्हा. २०१५ च्या सुमाराची नवी मशीनं आली तेव्हा तिच्या डीव्हीडीत यूएसबी-थ्रीचा ड्रायव्हर नव्हता. बायोसमध्ये की-बोर्ड चाले, माऊस चाले. सेव्हन सुरू झाली की भाषा निवडा असं म्हणायची आणि दोघेही मरायचे. निवडा म्हणणारी ती आणि निवडू न देणारीही तीच.

आता हाच रोग 'व्हीएमडी' नावानं आलाय. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर विंडोज टाकायला गेलं की ती म्हणते, डिस्क सापडली नाही. लॅपटॉप नवाकोरा, डिस्क आत, बायोसला दिसतेय, विंडोजला दिसत नाही. उपाय दोन: इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यायचा, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. दुसरा सोपा वाटतो. म्हणून माणूस बायोसमध्ये जातो, सगळी पानं धुंडाळतो, आणि काही लॅपटॉपांवर तो पर्यायच नसतो. नसतो म्हणजे लपवलेला असतो. मेन या पानावर जाऊन कंट्रोल आणि एस एकत्र दाबले की तो उगवतो. हे पडद्यावर कुठं लिहिलेलं नाही. हे गुरुमुखातूनच घ्यायचं असतं. एका दुकानात पोऱ्याला ही विद्या देताना मालकानं आधी गिऱ्हाइकाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं होतं.

'सिक्युअर बूट'ची तऱ्हाही अशीच. लिनक्स टाकायचं म्हणून तो बंद करायला जावं तर काही लॅपटॉपांवर तो पर्याय फिका पडलेला, निवडताच येत नाही. आधी बायोसला सुपरवायझरचा पासवर्ड लावा, मग कुलूप उघडेल. माणूस घाईत पासवर्ड लावतो, काम उरकतो आणि पासवर्ड विसरतो. मग तो लॅपटॉप आयुष्यभर त्याला ओळख विचारतो.

या सगळ्या प्रदेशापासून सामान्य माणूस दूर होता, तो २०२१ पर्यंत. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ जाहीर केली आणि सांगितलं की टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागेल. त्या दिवसापर्यंत टीपीएम हा शब्द घरात कुणी काढला नव्हता. तपासलं तर चांगल्या धडधाकट मशीननाही उत्तर येत होतं: हा पीसी चालणार नाही. बाजारात टीपीएमची सुटी चिप मिळते हे लोकांना कळलं, ती भराभर खपली आणि तिच्या किमती कित्येक पट चढल्या. बहुतेकांच्या मशीनमध्ये टीपीएम आधीच होता. बायोसमध्ये बंद होता एवढंच. इंटेलवाल्यांकडे त्याचं नाव पीटीटी आणि एएमडीवाल्यांकडे एफटीपीएम. टीपीएम या नावानं शोधणाऱ्याला सापडू नये याची ही काळजी.

सेटिंग बदलून भागलं नाही की हार्डवेअरवाला शेवटचं अस्त्र काढतो: "बायोस अपडेट करावा लागेल." हे वाक्य तो चहा संपवून, कप खाली ठेवून म्हणतो. चिपमधला प्रोग्रॅमच पुसायचा आणि नवा लिहायचा. मध्ये वीज गेली तर मशीन जागं करणारंच कुणी उरत नाही. महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं त्या वर्षांत आधी त्याचं वेळापत्रक पाहून मगच अपडेटला बसत, आणि तरीही एक जण यूपीएसवर हात ठेवून उभा असे. भीती निराधार नव्हती. २६ एप्रिल १९९९ या दिवशी चेन इंग-हाऊ या तैवानी विद्यार्थ्याचा सीआयएच नावाचा व्हायरस जगभर एकदम उठला होता. तो डिस्कवरचं पुसायचाच, पण ज्या मशीनवर जमेल तिथं बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहून ठेवायचा. 'व्हायरस शिरला' म्हणणारा पक्ष त्या दिवशी खरा ठरला. आजही तो त्याच भांडवलावर जगतो.

यातला मला सगळ्यात आवडणारा पेच नव्या प्रोसेसरचा. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला, प्रोसेसर नवा. बायोसला हा प्रोसेसर ओळखीचा नाही, म्हणून मशीन सुरू होत नाही. बायोस अपडेट केला तर ओळखेल. पण अपडेट करायला मशीन सुरू व्हावं लागतं. चष्मा हरवलाय आणि शोधायला चष्मा लागतो, त्यातली गत. २०१८ मध्ये एएमडी कंपनीनं यावर जे केलं ते मला थोर वाटतं: अशा गिऱ्हाइकांना तिनं जुना प्रोसेसर उसना पाठवला. तो लावायचा, अपडेट करायचं, काढायचा, परत पाठवायचा. इतका सोज्वळ व्यवहार आपल्याकडे आता फक्त इडलीपात्राच्या बाबतीत उरलाय. पुढे काही मदरबोर्डना मागे एक बटणच आलं. प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून अपडेट होतो. फाइलला मात्र कंपनी सांगेल तेच नाव द्यायचं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की दिवा थोडा वेळ लुकलुकून गप्प.

पण हे झाले विद्वानांचे उपाय. प्रत्यक्षात दहातली बहुतेक मशीनं तीनच गोष्टींनी उठतात, आणि त्या हार्डवेअरवाला अशा झपाट्यानं करतो की पाहणाऱ्याला हिशेब लागू नये. पहिली: मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवणे. (पावसाळ्यात याला विशेष गुण येतो. नुसती काढून घातली तरी दात घासले जातात आणि काम होतं, पण मग खोडरबर कशाला आणला होता?) दुसरी: सेल काढून थोडा वेळ बाजूला ठेवणे, म्हणजे मशीन सगळं विसरतं. किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जोडणे. तिसरी: आत जाऊन 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स'. यालाच डिफॉल्ट मारणे म्हणतात. कुणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं, याची चौकशी न करता सगळ्यांनाच माफी.

आता या तिन्हींपैकी कशानं मशीन उठलं? सांगता येत नाही, कारण तिन्ही एका दमात केलेली असतात. हार्डवेअरवाला याचं श्रेय सेटिंगला देतो, घरातले हार्डवेअरवाल्याला, आणि मेमरीच्या दातांत अडकलेली धूळ कुणाच्या लेखी नसते. अलीकडे एक चौथा उपाय निघालाय आणि तो सगळ्यात चमत्कारिक आहे: काहीच न करणे. नव्या डीडीआर-फाइव्ह मेमरीची मशीनं पहिल्यांदा चालू केली की प्रोसेसर आणि मेमरी बराच वेळ एकमेकांचे वेग जुळवत बसतात. काही मिनिटं पडदा काळाच. लोकांनी घाबरून मशीन बंद केलं की जुळणी पुन्हा पहिल्यापासून. काही मदरबोर्डवर तर मेमरीच्या खाचांवर स्टिकरच लावून येतो, की बाबांनो, थांबा. ज्यांच्या घरी अशा वेळी चहा टाकायची पद्धत आहे त्यांची मशीनं उठतात.

डिफॉल्ट मारण्याचा एक जोडधंदाही आहे. सगळ्यांना माफी दिली की पूर्वी विचारपूर्वक केलेल्या गोष्टीही पुसल्या जातात. मेमरी जास्त वेगानं पळवायचा पर्याय जातो, बूटचा क्रम बदलतो, आणि डिस्कची पद्धत बदलली की मघाचा तो निळा पडदा. म्हणजे पुढच्या भेटीची सोय.

पैशांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. शेजारच्या काकांचं जुनं डेस्कटॉप मशीन असंच उठलं तेव्हा मी तिथे होतो. काकांनी विचारलं, "काय बदललं?" हार्डवेअरवाला नवा होता, खरं बोलला: "काही नाही. सेटिंग होतं." काकांचा हात खिशापर्यंत गेलेला, तिथेच थांबला. काहीच बदललं नाही तर पैसे कशाचे? पोरगा एकदम शहाणा झाला. त्यानं सेल उपसला, नवा बसवला आणि जुना काकांच्या तळहातावर ठेवला. "हा गेला होता." काकांनी तो उलटसुलट केला, उजेडात धरला, आणि समाधानानं तीस रुपये सेलचे आणि पाचशे येण्याचे दिले.

पोरगा गेल्यावर काका जुना सेल फेकायला तयार होईनात. हाच सेल वजनकाट्यात बसतो, हे त्यांनी काट्याच्या पाठीवर वाचलं होतं. बसवला. काटा लागला. काका चढले. आकडे थोडे थरथरले आणि मग त्यांच्या जागी इंग्रजीत 'लो' अशी दोन अक्षरं उमटली.

"बघ," काका काकूंना म्हणाले, "डॉक्टर उगाच घाबरवतात."